फाइल सर्व्हरवर स्नॅपशॉटसाठी किती जागा सोडायची? कापसाची आवक सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे

काट्यावरची (आर्णी तालुका, यवतमाळ) · ५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात आहे. वजनकाट्याची नोंद, शेतकऱ्यांची काटापट्टी, टॅली आणि कॉम्प्युटरचं जे काही असेल ते सगळं माझ्याकडे. शिक्षण बीकॉम. सर्व्हरचं जे येतं ते वाचून आणि इथल्या जुन्या धाग्यांवरून शिकले.

आमच्याकडे ट्रूनॅस (फाइल सर्व्हर चालवायची सिस्टिम) टाकलेला एक फाइल सर्व्हर आहे. ४ टीबीच्या चार डिस्क, दोन-दोनच्या जोड्या (एकीची प्रत दुसरीवर), म्हणजे हाती ८ टीबी. यंत्र ७.१ दाखवतं. त्यावर टॅलीचा डेटा (६ जीबी), रोज रात्रीची टॅलीची झिप, काट्यावरचे फोटो, एक्सेलची रजिस्टरं, स्कॅन केलेले कागद, असं सगळं मिळून अर्धा टीबी. ऑगस्टच्या शेवटी ८ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्यावरच वळवलं, कारण जुन्या रेकॉर्डरची डिस्क गेली होती. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर १५ दिवसांपेक्षा जुनं आपोआप पुसतं. स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली जशा होत्या तशा गोठवून ठेवणं) रोज रात्री एक, ३० दिवस ठेवायचे, असं लावलेलं आहे.

आता अडचण. काल सर्व्हर ९० टक्के भरल्याचा मेल आला. मी कॅमेऱ्यांचं एक आठवड्याचं रेकॉर्डिंग हाताने पुसलं. १.१ टीबी गेलं, फोल्डर रिकामं दिसतं, पण मोकळी जागा एका जीबीने वाढली नाही. मग सगळ्यात जुना स्नॅपशॉट काढला. तरी काही नाही. स्नॅपशॉटच्या यादीत एकेकापुढे काही एमबीच दिसतात, सगळे मिळून २ जीबी होत नाहीत. मग जागा गेली कुठे?

आणि मुख्य प्रश्न शीर्षकातला. दिवाळीनंतर दिवसाला दीडशे गाड्या येतात. मागच्या हंगामात काट्याच्या रजिस्टरवर कोणीतरी कोरी फाइल सेव्ह केली होती. तीन दिवसांची वजनं कार्बन कॉपीवरून पुन्हा चढवावी लागली. चाळीसेक शेतकऱ्यांचे चुकारे आठवडाभर अडकले. एक आजोबा रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे, बोलायचे काही नाहीत. ते मला परत बघायचं नाही, म्हणून स्नॅपशॉट लावले. ते बंद करायची माझी तयारी नाही. पण त्यांच्यासाठी जागा किती धरायची हे कोणी नीट सांगेल का?

---

पळसबन (दारव्हा) · ५ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, जागा कुठी गेली नाई. स्नॅपशॉटनं धरून ठेवली हाये. तुमी फाइल पुसली म्हंजे आजच्या फोल्डरातून नाव निघालं, पन कालच्या, परवाच्या, त्याच्या आंधीच्या स्नॅपशॉटात थे नाव हायेच. जोवर एकाबी स्नॅपशॉटात नाव हाये तोवर तो ब्लॉक, म्हंजे डिस्कवरचा तुकडा, मोकळा होत नाई.

आपल्याकडच्या वावरासारखं समजा. सातबाऱ्यावर पंधरा हिस्सेदार हायेत. एकानं हक्कसोड लिहून देल्ला, तं वावर मोकळं झालं काय? चौदा नावं बाकीच हायेत. तुमी येक जुना स्नॅपशॉट काढला म्हंजे येका हिस्सेदाराची सही घेतली.

आन् यादीतला आकडा असा असते, का "फक्त माह्या येकट्याच्या नावावर किती". सगळंच सामाईक असन तं प्रत्येकाच्या पुढं शून्यच दिसन. बेरीज करून काई फायदा नाई.

---

दर्यापूरकर (सध्या पुणे) · ५ ऑक्टोबर, रात्री ११.३०

पळसबन भाऊंनी नेमकं सांगितलं. मी त्यात आकडे भरतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच आहे.

ताई, कॅमेऱ्याचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहितो तो वेग) किती? बहुतेक २ एमबीपीएस असेल. एक कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास चालला तर २१.६ जीबी. आठ कॅमेरे १७२.८ जीबी. सर्व्हर १०२४ च्या हिशेबाने मोजतो, म्हणून त्याच्याकडे ते १६० च्या आसपास दिसेल. पंधरा दिवसांचं चालू रेकॉर्डिंग २.४ टीबी. इथपर्यंत तुम्ही धरलं असणार.

पण पंधराव्या दिवशी पुसलेली फाइल आणखी ३० दिवस स्नॅपशॉटात राहते. म्हणजे तुमच्या नकळत रेकॉर्डिंग ४५ दिवसांचं होतं. रोज १६० याप्रमाणे ३० दिवसांचे ४.७ टीबी. २.४ आणि ४.७ मिळून ७.१ झाले, तिथेच तुमचा सर्व्हर संपला. ऑगस्टच्या शेवटी सुरू केलं, म्हणून अजून पूर्ण भरला नाही, एवढंच.

तपासायचं असेल तर स्नॅपशॉटच्या यादीत पाहू नका. डेटासेटची (सर्व्हरवरचा स्वतंत्र कप्पा, स्नॅपशॉट त्याचा घेतला जातो) माहिती मागा. झेडएफएस (ट्रूनॅसची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) लिस्टला स्पेसचा पर्याय दिला की वापरलेली जागा चार रकान्यांत फोडून येते. त्यातला यूज्डस्नॅप पाहा, तो सामाईकसकट सगळ्या स्नॅपशॉटांनी मिळून धरलेली जागा सांगतो. माझ्या अंदाजाने ४.५ च्या पुढे दिसेल.

---

काट्यावरची · ६ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

यूज्डस्नॅप ४.६ टीबी. बिटरेट २ एमबीपीएसच आहे.

दादा, रात्री तुमचं वाचलं आणि सकाळी गेट उघडायच्या आत येऊन पाहिलं. आकडा समोर आल्यावर बरं वाटलं, निदान हरवलेलं काही नाही. पण आता काढू कसे? सगळं एकाच डेटासेटमध्ये आहे. टॅली, फोटो आणि कॅमेरे एकाच्याच पोटात वेगवेगळे फोल्डर. स्नॅपशॉट काढले तर टॅलीचा महिनाभराचा मागोवाही जाईल.

---

दर्यापूरकर · ६ ऑक्टोबर, दुपारी १.२०

हो, जाईल. स्नॅपशॉट पूर्ण डेटासेटचा असतो, त्यातला एक फोल्डर तेवढा वगळता येत नाही. म्हणूनच डेटासेट पाडताना "कोणाचा डेटा" यापेक्षा "किती वेगाने पुसला जातो" हे आधी पाहायचं. ज्या दोन गोष्टींचा स्नॅपशॉट वेगवेगळ्या मुदतीचा हवा, त्या एका डेटासेटमध्ये ठेवायच्या नाहीत.

आजच्या पुरतं असं करा. स्नॅपशॉट वाचता येतात. डेटासेटच्या मुळाशी डॉट झेडएफएस नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यात स्नॅपशॉट, त्यात तारखेनुसार सगळं. तिथून टॅलीचा फोल्डर आणि एक्सेलची रजिस्टरं चार-पाच तारखांची बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. टॅली ६ जीबी म्हणजे पाच प्रतींचे ३० जीबी, चहा होईपर्यंत होईल.

मग कॅमेऱ्यांसाठी नवा डेटासेट करा आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला तो पत्ता द्या. जुनं रेकॉर्डिंग तिकडे हलवू नका. एका डेटासेटमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे नाव बदलणं नसतं, सहसा पूर्ण कॉपी होते. जुनीकडची प्रत स्नॅपशॉट धरून ठेवतील, नवीकडे आणखी तेवढीच लागेल, आणि ९० टक्क्यांवर तेवढी जागा तुमच्याकडे नाही.

त्यानंतर जुने स्नॅपशॉट काढा. एकेक काढून "काही झालं नाही" म्हणत बसू नका. झेडएफएस डिस्ट्रॉयमध्ये पहिल्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटच्या नावांमध्ये टक्क्याचं चिन्ह देऊन अख्खी रांग सांगता येते, आणि सोबत एन व व्ही हे पर्याय दिले तर न काढता नुसतं सांगतो की एवढी जागा मोकळी होईल. आधी तसं विचारा. तुमच्या बाबतीत सगळ्यात जुने सात-आठ काढेपर्यंत जवळजवळ काहीच मिळणार नाही, कारण पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तेवढ्या सगळ्यांच्या नावावर आहे. मग पुढच्या प्रत्येकाला दिवसाचे १६० सुटायला लागतील. विचारल्याशिवाय काढू नका, काढल्यावर परत येत नाहीत.

---

मोहफूल (गडचिरोली जिल्हा) · ६ ऑक्टोबर, दुपारी ३.५०

कॅमेऱ्यांच्या नव्या डेटासेटला स्नॅपशॉट लागू होणार नाही हे डोळ्यांनी तपासा. वरच्या पातळीवर "खालच्या सगळ्यांसकट" असा स्नॅपशॉट लावलेला असेल तर नवा डेटासेटही आपोआप त्यात येतो. आमच्या संस्थेत तसंच झालं होतं. वेगळा केला, निश्चिंत झालो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच मेल. वगळण्याच्या यादीत त्याचं नाव घालावं लागतं.

कॅमेऱ्यांना स्नॅपशॉटची गरजही नसते. एखादी घटना घडली, चोरी, अपघात, काट्यावर वाद, तर तेवढी क्लिप लगेच ऑफिसच्या डेटासेटमध्ये "घटना" नावाच्या फोल्डरात उचलून ठेवायची. बाकीचं पंधरा दिवसांनी गेलं तर गेलं.

---

कॉलेजची लॅब (वाशिम जिल्हा) · ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१०

आमच्याकडे विंडोज सर्व्हर आहे. तिथे शॅडो कॉपीसाठी (विंडोजचे स्नॅपशॉट) व्हॉल्यूमच्या १० टक्के जागा आपोआप धरलेली असते आणि शेअर केलेल्या फोल्डरांच्या जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात. जागा संपली की सर्वात जुनी प्रत तो स्वतःच काढतो. आम्ही कधी हिशेबच केला नाही. ट्रूनॅसवर असं १० टक्के ठरवून देता येत नाही का?

---

दर्यापूरकर · ६ ऑक्टोबर, रात्री ९.००

सर, तुमच्याकडे सर्व्हर भरत नाही, पण त्याची किंमत वेगळी आहे. एखाद्या दिवशी कोणी मोठा फोल्डर पालथा घातला तर जुन्या प्रती गुपचूप निघून जातात, आणि नेमकी गरज पडते तेव्हा यादी दोन दिवसांचीच असते. यादीतली सर्वात जुनी तारीख महिन्यातून एकदा पाहत जा.

मी कामावर नेटअ‍ॅप कंपनीची साठवणुकीची यंत्रं सांभाळतो. तिथे स्नॅपशॉटसाठी राखीव टक्के असतात. पूर्वी मूळ सेटिंग २० टक्के असायचं, नव्या आवृत्त्यांत ५ टक्के. पण तो आकडा फसवा आहे. राखीव जागा ही भिंत नाही. स्नॅपशॉट तिच्यापेक्षा मोठे झाले की शेजारच्या चालू डेटाच्या जागेत शिरतात. २० असो की ५, कंपनीला तुमचा डेटा माहीत नाही. एका व्हॉल्यूमला ५ पुष्कळ होतात, दुसऱ्याला ५० पुरत नाहीत, आणि दोन्ही मी पाहिलेत.

झेडएफएसमध्ये असे टक्के नाहीत, स्नॅपशॉट आपणहून जातही नाहीत. मुदत संपली की वेळापत्रक त्यांना काढतं, पण जागा संपली म्हणून कोणी काढत नाही. त्यामुळे हिशेब आपणच करायचा. किती डेटा आहे यावर तो ठरत नाही. रोज किती पुसलं किंवा बदललं जातं, गुणिले किती दिवस ठेवायचं. नुसतं नवं जे साठत जातं त्याला स्नॅपशॉटचा खर्च शून्य.

ताईंच्या काट्यावरच्या फोटोंचं बघा. दीडशे गाड्या, गाडीमागे चार फोटो, फोटो अर्धा एमबी, म्हणजे दिवसाचे ३०० एमबी. हंगामाचे ४५ जीबी होतील, पण पुसत कोणी नाही, म्हणून स्नॅपशॉट वर्षभर ठेवले तरी फोटोंपायी जागा वाढणार नाही. याउलट टॅलीची झिप. रोज नवी, आणि सात दिवसांपूर्वीची पुसायची, बरोबर? झिप किती मोठी आहे?

---

काट्यावरची · ७ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

झिप २ जीबी. हो, सात ठेवतो.

---

दर्यापूरकर · ७ ऑक्टोबर, दुपारी १.००

मग दिवसाला २ जीबी पुसले जातात. ६० दिवसांचे स्नॅपशॉट ठेवले तर एकट्या झिपचे १२० जीबी. आतला टॅलीचा डेटा ६ जीबीचा आणि दिवसात त्यातला थोडासाच बदलतो. पण दाबून बांधलेल्या फाइलमध्ये कालची आणि आजची यांच्यात सामाईक ब्लॉक काही उरत नाहीत, प्रत्येक झिप पूर्ण नवी. झिपसाठीही वेगळा डेटासेट करा, स्नॅपशॉटशिवाय. झिप बंद मात्र करू नका. टॅली चालू असताना घेतलेला स्नॅपशॉट हा अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे असेल तसा असतो, अर्धवट नोंदीसकट. टॅलीतली कंपनी बंद करून घेतलेली झिप पक्की असते. दोन्ही हवेत.

एक्सेलचं वेगळं. एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलमध्ये फेरफार करत नाही, पूर्ण फाइल नव्याने लिहून जुनीच्या जागी ठेवतो. ३० एमबीचं रजिस्टर असेल तर एक आकडा बदलला तरी ३० एमबी नवे. पण दिवसात चाळीस वेळा सेव्ह केलं म्हणून चाळीस प्रती राहतात असं नाही. स्नॅपशॉटच्या क्षणी जी प्रत होती तेवढीच धरली जाते. दोन स्नॅपशॉटांच्या मधे जन्मली आणि मधेच मेली ती फुकट. म्हणून कामाच्या दहा तासांत दर तासाला घेतलेत तर जास्तीत जास्त दहा प्रती, ३०० एमबी. दर पाच मिनिटांनी घेतलेत तर मात्र जवळजवळ सगळ्या चाळीस धरल्या जातील.

ताई, तुम्हाला तासाचे हवेतच. कोरी फाइल दुपारी चार वाजता सेव्ह झाली आणि स्नॅपशॉट रात्रीचाच असेल तर दिवसभराच्या दीडशे गाड्या गेल्या. सकाळी ८ ते रात्री ९ दर तासाला, दोन दिवस ठेवा. रात्रीचा ६० दिवस ठेवा. तासाचे दोन दिवसांत निघून जातात, म्हणून त्यांचा बोजा थोडा.

---

पळसबन · ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.४५

आमची डाळ मिल हाये. मी गेल्या साली मोजमाप जुलै-ऑगस्टात केलं, मिल बंद होती तवा. दिवसाला २०० एमबी निघालं. त्यावरून जागा धरली. तुरीची आवक सुरू झाली तं दोन पाळ्यात काम, चार जन येकाच वेळी रजिस्टरात, आन् थेच मोजमाप पाच पटीनं गेलं. आज मोजसान तं जिनिंग अजून सुरू नाई, सीतादहीबी (कापूस वेचाच्या आंधीची पूजा) व्हायची हाये. आकडा लहानच येईन. तो धरू नका. मागच्या हंगामाच्या फाइली पाहून अंदाज घ्या आन् खरं मोजमाप आवक भरात असतानी करजा.

---

मोहफूल · ७ ऑक्टोबर, रात्री १०.२०

पळसबन भाऊंच्या म्हणण्यात एक भर, आणि ही मी मनापासून सांगते कारण आमच्यावर बेतलं होतं. रोजच्या बदलाचा हिशेब हा चांगल्या दिवसांचा. वाईट दिवसासाठी वेगळी जागा धरा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका पीसीत खंडणीचा व्हायरस शिरला. त्याने शेअरवरच्या फाइली एकामागून एक कुलूपबंद केल्या. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने काय झालं, तर सगळा डेटा पुन्हा नव्याने लिहिला गेला. जुना सगळा स्नॅपशॉटात, नवा सगळा चालू जागेत, एका रात्रीत दुप्पट. आमच्याकडे तेवढी मोकळी जागा होती म्हणून सकाळी आदल्या संध्याकाळच्या स्नॅपशॉटवर परत जाता आलं. आरोग्याच्या कामाच्या नोंदी होत्या, दूरच्या गावांतून पायी फिरून आणलेल्या. त्या वाचल्या हे आजही आठवलं की हात जोडले जातात.

म्हणून माझा नियम असा की रोजचा हिशेब एका बाजूला, आणि जो डेटा जपायचा आहे त्याच्या पूर्ण एका प्रतीएवढी जागा वर मोकळी. आणि सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड रोजच्या पीसीवर साठवायचा नाही, नाहीतर स्नॅपशॉटही पुसले जातील.

---

काट्यावरची · ८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सगळ्यांचं एकत्र करून वहीत मांडलं. चुकलं असेल तर सांगा.

एकूण ७.१. वरचे २० टक्के सोडायचे, कारण झेडएफएस ८० च्या पुढे रेंगाळतो असं सगळीकडे वाचलं. उरले ५.७. कॅमेरे १५ दिवसांचे २.४, त्यांना मर्यादा २.६ ची. ऑफिसचा डेटा हंगाम संपेपर्यंत ०.६. ऑफिसचे स्नॅपशॉट दिवसाला २ जीबी धरले तर ६० दिवसांचे ०.१२. मोहफूल ताईंच्या वाईट दिवसासाठी ०.६. एकूण ३.९ च्या आसपास. म्हणजे १.८ टीबी शिल्लक राहते! ज्या सर्व्हरवर जागा नाही म्हणून मी मालकांकडे नव्या डिस्कांचा कागद घेऊन जाणार होते, त्यावर.

मर्यादा कशी लावायची हे मात्र कळलं नाही. कोटा आणि रेफकोटा असे दोन दिसतात.

---

दर्यापूरकर · ८ ऑक्टोबर, रात्री १०.४०

हिशेब बरोबर आहे. दिवसाला २ जीबी जरा सढळ धरलेत, ते तसंच असू द्या.

कोटामध्ये स्नॅपशॉटही मोजले जातात, रेफकोटामध्ये फक्त चालू डेटा. ऑफिसच्या डेटासेटला कोटा लावलात आणि तो स्नॅपशॉटांनी भरला, तर काट्यावरचा मुलगा फाइली पुसत बसेल आणि जागा होणार नाही, तुमचं परवा झालं तसंच. माणसांना जी मर्यादा दाखवायची ती रेफकोटाने, म्हणजे त्यांनी पुसलं की त्यांना जागा दिसते. स्नॅपशॉटांवर लक्ष तुम्ही ठेवायचं. कॅमेऱ्यांना स्नॅपशॉटच नाहीत, तिथे साधा कोटा २.६ चालेल. आणि ऑफिसच्या डेटासेटला १.५ टीबीचं रिझर्व्हेशन द्या. उद्या कोणी कोटा काढून कॅमेऱ्यांचे दिवस वाढवले तरी तेवढी जागा काट्यासाठी शाबूत राहील.

---

कॉलेजची लॅब · ९ ऑक्टोबर, सकाळी ११.००

एक विचारतो. एवढे स्नॅपशॉट असल्यावर बॅकअप वेगळा कशाला?

---

मोहफूल · ९ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

सर, स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर असतो. चालू फाइल आणि स्नॅपशॉट एकाच ब्लॉककडे बोट दाखवतात. तो ब्लॉक गेला तर दोन्ही गेले. आमच्याकडे पावसाळ्यात वीज पडते, तुमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बंद खोलीत डिस्का तापतात. यूपीएस, एक्झॉस्ट पंखा, आणि दुसऱ्या इमारतीत दुसरी प्रत, यातलं काहीही स्नॅपशॉट करून देत नाही.

दुसरी प्रत झेडएफएस सेंडने पाठवत असाल तर दोन्हीकडे असलेला शेवटचा सामाईक स्नॅपशॉट काढू नका. तो असला की फक्त मधला फरक जातो, नसला की सगळं पहिल्यापासून. त्यावर होल्ड लावून ठेवता येतो, मग चुकूनही निघत नाही.

---

काट्यावरची · १२ ऑक्टोबर, दुपारी ४.५०

झालं. रविवारी ऑफिस बंद असताना केलं. टॅलीच्या पाच तारखा यूएसबीवर उतरवल्या, उघडून पाहिल्या, मगच पुढे गेले. कॅमेरे आणि झिप वेगळे केले. वगळण्याच्या यादीत दोन्हींची नावं घातली. सकाळचा स्नॅपशॉट झाल्यावर यादी पाहिली, तिथे फक्त ऑफिस.

जुनी रांग काढायच्या आधी विचारलं. पहिले सात म्हणे काही एमबी. आठवा धरला तर १६१ जीबी. दादांनी सांगितलं होतं तसंच, अगदी आकड्यासकट. मग सगळी रांग काढली. वीसेक मिनिटं मोकळ्या जागेचा आकडा वर चढताना पाहत बसले.

---

काट्यावरची · ६ डिसेंबर, रात्री ८.२०

सांगितलं होतं तसं आवक भरात असताना मोजलं, म्हणून धागा वर आणते.

१२ ऑक्टोबरपासून आजपर्यंत ऑफिसच्या डेटासेटचा यूज्डस्नॅप ७६ जीबी. ऑक्टोबरात दिवसाला ०.४ वाढत होता. नोव्हेंबरपासून दीडशे-एकशे साठ गाड्या, तेव्हापासून दिवसाला १.५. म्हणजे जवळजवळ चौपट, पळसबन भाऊ. ऑक्टोबरचा आकडा धरला असता तर फसले असते.

यात १४ जीबी एकाच दिवसाचे आहेत. २० नोव्हेंबरला आकडा एकदम उडाला म्हणून शोधलं. आमच्या नव्या मुलाने जागा वाचावी म्हणून मागच्या हंगामातल्या एका महिन्याचे फोटो एका सॉफ्टवेअरने बारीक केले होते. मोठ्या कष्टाने, दुपारचा डबा न खाता. फोल्डर १४ चा ३ जीबी झाला, पण मूळ १४ स्नॅपशॉटात राहिले, म्हणजे सर्व्हरवर उलट ३ वाढले. शिवाय बारीक फोटोंत ट्रॉलीचे नंबर वाचता येत नव्हते. त्याला रागावले नाही. शेजारी बसवून उजवं क्लिक, प्रीव्हियस व्हर्जन्स, १९ तारीख, असं करून मूळ फोल्डर त्याच्याच हाताने परत आणवला. आता जागेचं काही करायचं तर तो आधी विचारतो.

आणि मागच्या मंगळवारी दुपारी काट्याचं रजिस्टर पुन्हा बिघडलं. गाळणी लावून क्रमवारी बदलताना नावांचा रकाना सरकला आणि वजनं दुसऱ्याच शेतकऱ्यांपुढे गेली. सव्वातीनला लक्षात आलं, तीनचा स्नॅपशॉट तोवर बिघडलेल्या फाइलचाच होता, दोनचा चांगला होता. तो परत घेतला आणि मधल्या एकवीस गाड्या काटापट्ट्यांवरून पुन्हा चढवल्या. चाळीस मिनिटं लागली. त्या दिवसाचे चुकारे त्याच दिवशी निघाले.

सर्व्हर आज ४४ टक्क्यांवर आहे. दर शनिवारी यूज्डस्नॅप वहीत लिहिते. हंगाम संपला की फेब्रुवारीत पूर्ण तक्ता इथे टाकीन.

---

पळसबन · ६ डिसेंबर, रात्री ९.०५

टाकजा ताई. आमची तूर जानेवारीत चालू होईन, मीबी शनिवारचाच आकडा लिहून ठेवतो. कापसाचा आन् तुरीचा बाजू-बाजूले ठेवून पाहू.